कागद कोणत्या बाजूने

भिंत पहिल्यांदा पडली तेव्हा चारुशीला मुळे हिच्याकडे कारण तयार होतं. दुसऱ्यांदा पडली तेव्हा ते कारण चालण्यासारखं राहिलं नव्हतं.

दुसऱ्यांदा म्हणजे तेवीस सप्टेंबर दोन हजार पंचवीस, मंगळवार. सकाळी साडेनऊला भैयाजींचा फोन आला. जरीपटक्यात त्यांचं किराण्याचं ठोक दुकान आणि नारा रोडला कोल्ड स्टोरेज. तिथल्या उत्तरेकडच्या खोलीत मटार, मक्याचे दाणे आणि आइस्क्रीम उणे वीस अंशांवर ठेवलेलं असतं. त्या इमारतीचा नकाशा चारुशीलाचा, देखरेखही तिचीच.

"मॅडम, उत्तरेची भिंत फिर गिरी," भैयाजी म्हणाले. "यावेळी प्लास्टरसोबत विटाही गेल्या. अन् आता तर नत्थूही नाही. आता कोणाच्या नावानं रडू, तेवढं सांगा."

ते गमतीने म्हणाले होते. चारुशीलाने "येते" एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला.

ती पोचली तेव्हा हमाल भिंतीपासून लांब उभे होते. छातीएवढ्या उंचीवर दारापेक्षा मोठं भगदाड दिसत होतं. प्लास्टरचे ढलपे खाली पडले होते आणि त्यांच्या पाठीला विटांचे पापुद्रे चिकटून आले होते. भिंतीत उरलेल्या विटांच्या कडा बोटाने चोळल्या तरी भुगा होऊन गळत होत्या. दोन वर्षांपूर्वी, आतल्या अस्तराला हात न लावता, ही बाजू नव्याने बांधणारा बंटी मिस्त्री तिची वाटच पाहत होता. त्याने छिन्नीने एक अर्धी वीट आतून उकलून काढली आणि तिच्या हातावर ठेवली. विटेच्या पोटात काचेच्या चुऱ्यासारखा बर्फ होता. बाहेर एकतीस अंश ऊन. तिच्या तळहातावर तो बर्फ बघता बघता विरघळला आणि लाल पाणी मनगटावरून खाली गेलं.

"माझ्या विटा पक्क्या होत्या मॅडम," बंटी म्हणाला. "एकेक गाडी तुम्हीच उभं राहून पास केली. माल तुम्ही सांगितला तसा. आता माझं नाव घेऊ नका म्हणजे झालं."

"तुझं नाव कोण घेतंय?"

"नत्थूदादाचं घेतलं होतं ना," बंटी म्हणाला आणि लगेच छिन्नीकडे पाहू लागला.

नत्थू मेश्राम. ही भिंत मुळात बांधणारा मिस्त्री तो. चारुशीलाने त्याच्याबरोबर अकरा वर्षं काम केलं होतं. दोन हजार तेवीसच्या ऑगस्टमध्ये हीच भिंत पहिल्यांदा फुटली, तेव्हा याच जागी उभं राहून, भैयाजी, हमाल, समोरचा चहावाला आणि नत्थूची स्वतःची माणसं ऐकत असताना ती म्हणाली होती, "विटा कच्च्या भाजणीच्या आहेत आणि सांधे नीट भरलेले नाहीत." अहवालातही तेच लिहिलं. त्या दिवशी बोलण्याआधी तिने ढिगातल्या दोन विटा उचलून एकमेकींवर आपटल्या होत्या. विटा खणखणीत वाजल्या होत्या, पक्क्या भाजलेल्या वाजतात तशा. हे तिच्याशिवाय कोणी ऐकलं नसावं. तिने मात्र ऐकलं होतं.

खरं कारण तिला त्याच्याही आधीपासून माहीत होतं.

नागपूरच्या भिंतीला बर्फ ठाऊक नसतो. इथे थंडी पडते, पण विटेत पाणी गोठावं अशी नाही. त्यामुळे गोठणाऱ्या भिंतीचा विचार करायची सवय इथल्या इंजिनियरला नाही आणि मिस्त्रीलाही नाही. इथे पाणी अडवायचं म्हणजे पाणी जिकडे दिसतं तिकडून अडवायचं. न्हाणीघराचं न्हाणीघराकडून, गच्चीचं वरून. शीतगृहात हा हिशेब उलटा होतो. बाहेरची दमट हवा भिंतीतून आत, थंडीकडे ओढली जाते. म्हणून तिला अडवणारा डांबरी कागद बाहेरच्या अंगाला, म्हणजे विटेला लागून लावायचा, आणि मग त्यावर आतून थर्माकोलचे थर. कागद थर्माकोलच्या आतल्या बाजूला, खोलीकडून लावला तर ओल भिंतीतून येते, थर्माकोलमध्ये शिरते, कागदाला अडते आणि तिथेच गोठते. भिजलेलं थर्माकोल थंडी अडवत नाही. मग बर्फ वर्षावर्षाला बाहेर सरकतो आणि एके दिवशी विटेत पोचतो. पाणी गोठताना फुगतं. वीट कितीही पक्की असली तरी तिची सालं निघतात.

चारुशीलाच्या नकाशात कागद बरोबर बाजूला होता. एका जाड पुस्तकातून तिने तो तपशील उतरवून घेतला होता आणि खाली सही केली होती.

चूक फोनवर झाली. जानेवारी दोन हजार बावीसमध्ये ती काटोलला होती. संत्र्यांच्या एका गोदामाचा स्लॅब पडत होता, मिक्सर धडधडत होता आणि एका कानात बोट घालून ती नत्थूशी बोलत होती.

"म्याडम, हा डांबरी कागद भिंतीकडून लावाचा का खोलीकडून?"

"खोलीकडून."

"जबलपूरले मी केलं होतं एक कोल्ड. तिथं भिंतीकडून होता जी."

"नत्थूभाऊ, बर्फ कुठे आहे? खोलीत. मग पाणी कुठून येणार? जबलपूरचं जबलपूरला राहू द्या. खोलीकडून लावा."

"बरं," नत्थू म्हणाला.

एवढंच बोलणं. मिनिटभराचंही नाही. इंग्रजी नकाशा नत्थूला वाचता येत नव्हता. त्याची पद्धत अशी की जिथे शंका तिथे विचारायचं आणि जे सांगितलं ते चोख करायचं. त्याने ते चोख केलं.

पहिल्याच उन्हाळ्यात भिंत गार लागू लागली. मे महिन्यात पारा सेहेचाळीसवर, आणि दुपारी हमाल त्या भिंतीला पाठ लावून डबे खात. कुत्री तिच्या पायाशी पसरत. चहावाल्याने आपला माठ तिला टेकवून ठेवला. "नत्थूनं फुकटात एसी लावून देला," असं हमाल म्हणत आणि नत्थू लाजून हसत असे. त्या दिवसांत चारुशीला एकदा तिथे आली आणि तिने भिंतीवर हात ठेवला. शीतगृहाची बाहेरची भिंत मे महिन्यात इतर भिंतींइतकीच तापली पाहिजे. ती गार लागते याचा अर्थ आतलं थर्माकोल भिजलं आहे. तिने हात काढून घेतला. घरी जाऊन नकाशा काढला, बघितला, आणि काटोलचा तो फोन तिला अक्षर न् अक्षर आठवला. तेव्हा सांगितलं असतं तर एका खोलीचं अस्तर उकलून पुन्हा लावावं लागलं असतं, एवढंच. तिने नकाशा गुंडाळून परत कपाटावर ठेवला. पुढच्या वर्षी बघू, असं तिने मनाशी ठरवलं. पुढच्या वर्षी भिंत फुटली.

आता भैयाजींनी माल दक्षिणेकडच्या खोलीत हलवला आणि शुक्रवारी आतलं अस्तर एका जागी कापायचं ठरलं. नाही म्हणायला चारुशीलाकडे काही नव्हतं. बंटीने गरम कपडे घालून आत जाऊन चौकोन कापला. आधी निघाला काळा कागद, धड, कोरा, एक सुरकुती नाही. कागदामागचं थर्माकोल बर्फाने जड झालेलं, लादीसारखं. त्याच्यामागे वीट. विटेला लागून काहीच नाही.

भैयाजींनी नकाशा दिव्याखाली धरला. ते व्यापारी माणूस असले तरी रेघ कुठे आहे ते त्यांना दिसत होतं.

"मॅडम, इथं तर कागद भिंतीच्या बाजूनं दाखवला आहे."

"हो."

"अन् लावला खोलीच्या बाजूनं." त्यांनी नकाशाची घडी घातली आणि बंटीकडे पाहिलं. "म्हणजे विटाही नत्थूच्या कच्च्या अन् कागदही त्यानं उलटा लावला! अरे, मी त्या माणसाला दरवर्षी दिवाळीची मिठाई पाठवत होतो."

बंटी चारुशीलाकडे पाहत होता. उत्तर द्यायला तिला पुरेसा वेळ मिळाला. तोंडातून वाफ निघत होती, एवढंच. ती बाहेर आली, चष्मा पुसला, आणि "सोमवारी बोलू" असं म्हणून गाडीत बसली.

घरी जाईपर्यंत तिच्या लक्षात आलं की दोन वर्षांपूर्वी तिला खोटं बोलावं लागलं होतं. आज नुसतं गप्प बसून काम भागलं.

शनिवारी सकाळी ती कोराडीला गेली. मिस्त्रीकाम सोडून नत्थू तिथे राखेच्या विटांच्या कारखान्यात लागल्याचं तिला वर्षभरापासून माहीत होतं. वीजकेंद्राची राख साच्यात घालून विटा पाडतात, त्यांच्या थप्प्या लावतात आणि आठवडाभर त्यांना पाणी मारतात. नत्थूचं काम पाणी मारायचं. एकसष्ट वर्षांचा माणूस, खाकी पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात पाइप घेऊन एका थप्पीवरून दुसरीवर पाणी फिरवत होता. अंगावर, भुवयांवर राखेची पूड. चारुशीलाला पाहून त्याने पाइप खाली ठेवला.

"जय भीम म्याडम. इकडं कशा काय? विटा पाहिजेत का?"

"नमस्कार नत्थूभाऊ. विटा नकोत. तुमच्याशी बोलायचं होतं."

"बसा. थांबा, ते ओलं हाय." त्याने एक कोरडी थप्पी शोधली, गमछ्याने झटकली. "घरी साहेब बरे आहेत?"

"बरे आहेत." ती बसली नाही. "नत्थूभाऊ, काल आतून भिंत उघडली. कागद उलटा लागलेला निघाला."

"हो," नत्थू म्हणाला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मीच लावला ना जी."

"तुम्ही मला विचारलं होतं. मी खोलीकडून म्हणाले."

"हो."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, आश्चर्यही नव्हतं. जणू ती आजचा वार सांगत होती. तेवढ्यात फाटकातून नत्थूची बायको प्रेमिला डबा घेऊन आली. चारुशीलाला ओळखून ती जागीच थांबली.

"बाप्पा! ह्या कोन? मुळेबाई का?" तिने डबा नत्थूच्या हातात न देता थप्पीवर आपटला. "दोन वर्सानं रस्ता सापडला वाटते कोराडीचा."

"प्रेमिला, गप वं."

"काहून गप? मी काय यायच्या हाताखाली हावो?" ती चारुशीलाकडे वळली. "बाई, याच्या सख्ख्या भावानं मागच्या उन्हाळ्यात घर बांधलं. इंदोऱ्यात, आमच्या घरापासून चार घरं सोडून. मिस्त्री आनला कामठीहून. याले बोलावलं घरात जाच्या दिवशी, जेवाले. हा पंगतीत भात वाढून राहिला अन् पाव्हने भिंतीले हात लावू लावू म्हनत होते, मिस्त्रीचा हात साफ हाय. मी पाहून राहिली होती याच्याकडे. हा बी म्हने, हो, साफ हाय."

"साफच होता हात त्याचा," नत्थू म्हणाला. "खोटं कायले बोलू?"

"पाहा. असा हाय हा मानूस."

चारुशीला म्हणाली, "त्या दिवशी भिंतीसमोर मी विटांचं बोलले तेव्हा तुम्ही का नाही सांगितलंत? मला विचारलं होतं, मी असं म्हणाले होते, एवढं बोलला असतात तरी."

नत्थूने वाकून पाइपाचा नळ बंद केला.

"तुमी सांगतलं म्हनून लावला, हे खरं हाय. पन मले जबलपूरचं मालूम होतं. कागद भिंतीकडूनच पाहिजे, हे मी डोयानं पाह्यलं होतं. मालूम असून लावला. एकदा बोललो, तुमी नाही म्हनलं, मी चुप झालो. मनात म्हनलं, इंजिनियरले दोनदा कोन सांगते? तिथं माझी बी चुकी झाली. थापी ठेवली ती त्याच्यासाठी ठेवली म्याडम. तुमच्या विटाच्या गोष्टीसाठी नाही."

"तुमची चूक नव्हती."

"ते तुमी नका सांगू," नत्थू शांतपणे म्हणाला. "ते माझं मी पाहीन. पन विटा माझ्या पक्क्या होत्या. भट्टीवर जाऊन, वाजवू वाजवू मी आनल्या होत्या. ते तर तुमाले मालूम होतं ना?"

"हो," चारुशीला म्हणाली. हे ती पहिल्यांदाच मोठ्याने बोलत होती. "मालूम होतं."

प्रेमिलाने पदराने तोंड पुसलं आणि डब्याचं झाकण उघडायला घेतलं. राखेचा एक ट्रक फाटकातून आत आला, रिकामा होऊ लागला.

"मी भैयाजींना पत्र देते," चारुशीला म्हणाली. "सगळं लिहून, सहीनिशी. तुमच्या भावालाही एक प्रत देते, हवं तर."

नत्थूला हसू आलं. "कागद कोन वाचते म्याडम? कागद तर तुमच्या नकाशाचा बी बरोबर होता." मग तो हसायचं थांबला. "जिथं बोलल्या तिथं बोला. भिंतीपाशी. लोकं असतील तेव्हा. अन् मी असतांना."

"अन् मी बी येईन," प्रेमिला म्हणाली. "मले आयकाचं हाय."

सोमवारी दहा वाजता भिंतीसमोर पंधरा-वीस माणसं होती. बंटी आणि त्याची टोळी, हमाल, चहावाला, भैयाजींचे दोन मुनीम. दसरा तीन दिवसांवर आल्यामुळे बंटीच्या माणसांना सुट्टीची घाई होती. नत्थू धुतलेला शर्ट घालून आला होता आणि सगळ्यांच्या मागे उभा होता. हमालांनी त्याला पाहिलं, पण हाक कोणी मारली नाही.

चारुशीलाने रात्री मनात बोलणं पाठ केलं होतं. ती म्हणाली, "मला भिंतीच्या नुकसानीच्या कारणाबद्दल खुलासा करायचा आहे. बाष्परोधक थर चुकीच्या बाजूस बसवला गेल्याने आर्द्रतेचं संघनन होऊन..."

"बसवला गेल्याने म्हंजे कोनी बसवला?" मागून प्रेमिलाचा आवाज आला. "मराठीत सांगा ना बाई."

कोणीतरी हसलं. चारुशीला थांबली. आपण मराठीतच बोलतो आहोत असं म्हणण्याची सोय नव्हती.

"कागद उलट्या बाजूनं लागला," ती म्हणाली. "नत्थूभाऊंनी मला फोन करून विचारलं होतं, कोणत्या बाजूनं लावायचा. त्यांना बरोबर बाजू माहीत होती. तसं ते म्हणालेही. मी न बघता उलटं सांगितलं आणि त्यांना गप्प केलं. त्यांनी मी सांगितलं तसं लावलं. पुढं उन्हाळ्यात मला कळलं होतं की चुकलंय. मी कोणाला सांगितलं नाही. आणि भिंत फुटली तेव्हा इथंच उभं राहून मी म्हणाले की विटा कच्च्या आहेत. विटा कच्च्या नव्हत्या. मला माहीत होतं, नव्हत्या. मी खोटं बोलले."

कोल्डच्या यंत्राची घरघर चालू होती. भैयाजी पुढे आले, तिला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, नकाशात तर बरोबर आहे. सही आहे तुमची. फोनवर काय झालं ते कोणाला माहीत? काहून अंगावर घेऊन राहिल्या? जाऊ द्या."

"फोनवर हेच झालं, भैयाजी."

भैयाजींनी तिच्याकडे नीट पाहिलं. ती नत्थूच्या भल्यासाठी काही रचून सांगत नाही, हे त्यांना त्या क्षणी पटलं असावं, कारण त्यांचा आवाज एकदम चढला. "मग दोन वर्षं मला काय शिकवलं तुम्ही? त्या भट्टीवाल्याशी मी भांडलो. भरबाजारात चोर म्हटलं त्याला! तीस वर्षांची ओळख होती. त्याच्या मुलीच्या लग्नाला गेलो नाही मी, मॅडम. त्याला आता काय सांगू?"

हे चारुशीलाला माहीत नव्हतं. भट्टीवाल्याचा तिने कधी विचारच केला नव्हता. तिच्या एका वाक्याने किती घरांत काय काय झालं याची तिने केलेली यादी अपुरी होती, आणि ती आणखी कुठे कुठे अपुरी असेल हे तिला कळायला मार्ग नव्हता.

"त्यांच्याकडे मी जाते," ती म्हणाली.

"जा. ही भिंत नीट होईस्तोवर इथंही या, फुकटात या. पुढं नवीन कोल्ड होईल त्याच्या कामात नका येऊ." भैयाजी नत्थूकडे वळले. "नत्थू, चाय पितोस का रे?"

"पितो ना," नत्थू म्हणाला.

एवढंच झालं. कोणी कोणाच्या गळ्यात पडलं नाही. हमालांपैकी एकजण येऊन नत्थूच्या बाजूला बसला आणि त्याच्याकडे तंबाखूची पुडी धरली. प्रेमिला चारुशीलाशी बोलली नाही, पण जाताना तिच्याकडे पाहून मान हलवली. त्या हलवण्याचा अर्थ चारुशीलाने आपल्या बाजूने लावून घेतला नाही.

चहा झाल्यावर काम कसं करायचं याची बोलणी निघाली. यंत्र लगेच बंद करून हीटर लावू, दोन दिवसांत वितळेल, असं बंटी म्हणाला.

"घाई नको करू गा," नत्थू म्हणाला. "एकदम वितळलं तर उरल्या विटा बी फाटतील. थोडं थोडं बंद कर. धा दिवस जाऊ दे. मंग दारं उघडी ठेव, हवा लागू दे. वीट वाळल्याबिगर माल लावू नको. अन् माल नरम ठेव, चुन्याचा. सिमेट जास्ती झालं की वीट फुटते, सांधा नाही फुटत. सांधा फुटलेला बरा, तो भरता येते."

"बाहेरून प्लास्टर?"

"कायले? मागच्या वेळी केलं तर काय झालं? ओल अंदर कोंडली. भिंतीले उघडं राहू दे."

बोलता बोलता तो उठला, बंटीची हातोडी घेतली आणि भिंतीच्या पूर्वेकडच्या, न फुटलेल्या भागाशी गेला. ती त्याची जुनी बांधणी होती, दोन हजार बावीसची. एकेक वीट तो वाजवत चालला. खण. खण. खण. सगळे ऐकत होते. मध्येच एखादी भद्द वाजली की तो तिथे बोट ठेवी आणि चारुशीला खडूने फुली मारी. पन्नासेक विटांत फुल्या तीन झाल्या. शेवटच्या विटेपाशी बंटी म्हणाला, "दादा, पक्क्या आहेत." नत्थूने हातोडी परत दिली.

नवीन विटा बसवायला नोव्हेंबरचा तिसरा रविवार उजाडला. मधल्या दिवसांत चारुशीला भट्टीवाल्याकडे तीन वेळा गेली. पहिल्या दोन वेळा तो भेटला नाही. तिसऱ्या वेळी त्याने तिचं सगळं ऐकून घेतलं आणि पाणी विचारलं नाही. आतलं जुनं अस्तर निघालं, भिंत वाळली, आणि डांबराचा लेप व कागद या वेळी विटेला लागून बसणार होता. कागदाचे जोड किती चढवायचे, कोपऱ्यात वळवायचे कसे, हे तिने स्वतः उभं राहून समजावलं. बोलताना दर वाक्यानंतर ती थांबत होती, कोणी काही विचारेल म्हणून.

रविवार नत्थूच्या सुट्टीचा. भैयाजींनी निरोप पाठवला होता, तो आला.

"पहिली वीट तू लाव," भैयाजी म्हणाले. "नंतरचं पूर्ण काम घे, माझी ना नाही."

"काम नाही घेत. पोटापुरतं हाय तिथं," नत्थू म्हणाला. पण बंटीने पुढे केलेली थापी त्याने घेतली.

सोडलेल्या जागेच्या तळाशी त्याने माल पसरला, वीट पाण्यातून काढून निथळवली, बसवली, दांड्याने ठोकली. दोन वर्षांत त्याचं मनगट बारीक झालं होतं. बाहेर निघालेला माल त्याने थापीच्या कडेने कापला. नत्थू मागे सरकला, एक डोळा बारीक करून सांध्याकडे पाहिलं. मग तो चारुशीलाकडे वळला.

"सांगा म्याडम, सरळ हाय का?"

ती पुढे झाली. सांधा उजवीकडे चढला होता. सूतभर, जास्त नाही. प्लास्टरखाली गेला असता तर कोणाला दिसला नसता, पण या भिंतीला प्लास्टर नव्हतं. नत्थूच्या हातून अकरा वर्षांत सूतभर सांधा चढल्याचं तिने पाहिलं नव्हतं. सरळ आहे, म्हणावं असं तिला फार वाटलं. प्रेमिला चार हातांवर उभी होती.

"उजवीकडं सूतभर चढलाय," चारुशीला म्हणाली.

नत्थूने मान हलवली. वीट उचलून बाजूला ठेवली, खालचा माल खरवडून काढला आणि नवा पसरला. या वेळी त्याने जास्त वेळ घेतला. वीट बसली, ठोकून झाली. तो मागे सरकला, पण तिच्याकडे वळला नाही.

"बंटी," तो म्हणाला, "लेवलची पट्टी आन गा."